टीबी शिबिरात एआय म्हणतं नॉर्मल, पण माणूस खोकतोय. थुंकी पाठवायची की नाही?

पाड्यावरची सीएचओ:
नमस्कार. मी सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. आमच्याकडे हातातलं एक्स-रे मशीन घेऊन पाड्यापाड्यांवर शिबिरं चालू आहेत. फोटो निघाला की मिनिटभरात टॅबवर एआयचा आकडा येतो, टीबीचा संशय किती त्याचा, सोबत लाल किंवा हिरवा रंग. हिरवा आला की वरून सांगतात, "सोडा, पुढचा घ्या." काल खडी क्रशरवरचा एक दादा आला. महिनाभर खोकला, वजन उतरून पॅन्ट सुतळीने बांधलेली, आणि आकडा हिरवा! उलट एका आजींना लाल. त्यांनी टीबीचा कोर्स कधीच पूर्ण केलाय, खोकला-ताप काही नाही. पण संध्याकाळपर्यंत सुनेने त्यांचं ताट वेगळं केलं, कारण लाल आलेल्यांची नावं गावच्या ग्रुपवर पडली होती. शाळेतल्या मुलांचेही फोटो काढा म्हणतात. यात माझ्या हातात नक्की काय आहे?

एक्स-रेवाला:
ताई, आधी फोटो नीट आलाय का ते बघा. श्वास अर्धवट घेतलेला, खांदे वाकडे, गळ्यात ताईत, तरी सॉफ्टवेअर आकडा देतंच. गर्दीत आम्हाला दुसरा फोटो काढू देत नाहीत, ही खरी रड आहे.

निवृत्त क्षयरोग अधिकारी:
लक्षणं असतील किंवा एक्स-रेमध्ये दोष दिसत असेल, दोन्हींपैकी एक पुरे. थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीला, पाठवायचीच. हिरव्या आकड्याने खोकला रद्द होत नाही. क्रशरवरच्या माणसाला सिलिकोसिसही (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) असू शकतो, त्यामुळे त्याला एमओंनी (मेडिकल ऑफिसर) स्वतः तपासायला हवं. आजींच्या फुफ्फुसात जुने व्रण असणार. तिथे ही सॉफ्टवेअर्स हमखास अडखळतात. थुंकी तपासल्याशिवाय त्यांना कुणी रुग्ण म्हणू नये.

मुलांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली ती 15 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी, तीही फक्त फुफ्फुसाच्या टीबीच्या चाळणीसाठी. मानेच्या गाठींचा टीबी त्यात दिसणार नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते. लाल कुठून सुरू होतो? तो कटऑफ माणसांनी ठरवलेला असतो. खाली आणला तर नजरेतून रुग्ण कमी सुटतात, पण ट्रूनॅट तपासणीच्या चिप जास्त लागतात. चिप कमी असताना कुणी तो गुपचूप वर सरकवला, तर शिबिराचे आकडे छान दिसतील आणि रुग्ण घरी जातील. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी जुना कटऑफ लागू पडेलच असं नाही. म्हणून कटऑफ किती, कुणी ठरवला, कधी बदलला, हे लेखी मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही एआयवर माणसाची देखरेख हवी असं आहे. तुमच्या शिबिरात ती माणूस म्हणजे तुम्हीच.

आशा ताई:
ग्रुपवर नाव तर नाहीच, रुग्णाचा आयडी नंबरपण नको. आमच्या गावात आयडीवरूनही घर ओळखतात. मी ज्याच्या त्याच्या दारात जाऊन सांगते. आणि आजींच्या सुनेशी तुम्ही स्वतः बोला मॅडम, आमचं ऐकत नाहीत.

पाड्यावरची सीएचओ:
सर, ताई, आभारी आहे. आज एमओ सरांना कटऑफ विचारला. त्यांनाही माहीत नव्हता, कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, "डीफॉल्ट आहे." लेखी पत्र टाकलंय. मुलांचे फोटो थांबवले, त्यावरून मात्र टार्गेटचा फोन येऊन गेला.