वडिलांच्या संग्रहातील घरगुती फिल्मची रिळे विकायची आहेत

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि जायकवाडी धरणाचे काम चालू असताना त्यांचा मुक्काम बरीच वर्षे पैठणला होता. त्या काळात त्यांनी ८ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर घरातील, नाथषष्ठीच्या यात्रेची आणि धरणाच्या कामाची पुष्कळ रिळे घेतली. पुढे त्यांना या वस्तूंचा नादच लागला आणि हैदराबादच्या जुमेरात बाजारातून व मुंबईच्या चोर बाजारातून इतर कुटुंबांची रिळेही ते विकत आणू लागले. त्यांच्या पश्चात हा सगळा संग्रह माळ्यावरच्या लोखंडी पेटीत पडून आहे. आता वाडा विकायचा असल्यामुळे संग्रहाचेही काहीतरी करणे भाग आहे.

एका खरेदीदाराने पेटी न उघडताच एकरकमी किंमत सांगितली आणि भावांना ती मान्य आहे, पण मला घाई करावीशी वाटत नाही. रिळांची किंमत कशावरून ठरते? विकण्यापूर्वी स्कॅनिंग करून घ्यावे का? काही डबे उघडल्यावर आंबट वास आला, तो कशाचा? आणि ज्या कुटुंबांना आम्ही ओळखतही नाही, त्यांची लग्ने आणि बारशी विकणे योग्य आहे का?

पडदा_आणि_दिवा (जालना)

ताई, प्रथम वासाविषयी. ही रिळे बहुधा ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर असतात. उष्णता आणि ओलावा मिळाला की ॲसिटेट विघटित होऊन त्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, बाहेर पडते आणि तेच आम्ल पुढचे विघटन आणखी वेगाने घडवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा किती तापतो हे सांगायला नको. आंबट वासाचे डबे आजच वेगळ्या खोलीत हलवावेत, घट्ट झाकण सैल करावे आणि त्या रिळांचे स्कॅनिंग सर्वांत आधी करून घ्यावे, कारण पट्टी आकसून वाकली की ती यंत्रावर बसवणे फार अवघड होते.

दुसरी विनंती अशी की वडिलांचा प्रोजेक्टर अजून चालत असला तरी त्यावर काहीही लावून पाहू नये. आकसलेल्या पट्टीची भोके दात्यांशी जुळत नाहीत आणि एका फेरीत हातभर फिल्म फाटते. पांढऱ्या उजेडासमोर धरून, कडेला बोटे लावून, भिंगातून पाहिलेले पुरेसे असते.

त्यानंतर आकारानुसार वर्गवारी करावी. १६ मिलिमीटर १९२३ साली आले, साधे ८ मिलिमीटर १९३२ साली आणि सुपर ८ हे १९६५ साली. साध्या ८ ची भोके मोठी असून दोन चौकटींच्या (फ्रेमच्या) मधल्या रेषेवर येतात. सुपर ८ ची भोके बारीक असून चौकटीच्या मध्याजवळ येतात. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून पट्टी कोणत्या वर्षी तयार झाली हे कळते. मात्र त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा वापरल्या गेल्या, त्यामुळे चित्रातील मोटारी आणि कपडे पाहून खात्री करावी लागते. बाजारातून आणलेल्या मालात ३५ मिलिमीटरचा एखादा जुना तुकडा निघाला तर तो बाजूला ठेवून जाणकाराला दाखवावा. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची असू शकते, ती भडकन पेटते आणि टपालाने पाठवण्यासारखी नसते.

आता किंमत. खरेदीदार रीळ घेतो म्हणजे त्यावर काय आहे आणि ते कुठले व कधीचे आहे हे घेतो. निनावी लग्नाला फारसे कोणी विचारत नाही. त्यातही जुनी कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, इतकी मंद होती, म्हणजे तिला इतका भरपूर उजेड लागे, की घरातला समारंभ बहुधा अंधारातच गेलेला असतो; उन्हातले रस्ते, बाजार, यात्रा आणि बांधकामे मात्र उत्तम आलेली असतात आणि कोडाक्रोमचे रंग साठ वर्षांनंतरही टिकतात. तुमच्याकडची पैठणची रिळे या दृष्टीने मोलाची आहेत. धरणाची पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मधल्या दहा वर्षांत नाथसागरात, म्हणजे या धरणाच्या जलाशयात, गेलेल्या गावांचे हलते चित्रण किती घरांत असेल? पेटी न उघडता किंमत सांगणाऱ्याला हे ठाऊक असावे, अशी मला शंका आहे.

कायद्याची_बाजू (नांदेड)

बाजारातून घेतलेले रीळ ही वस्तू तुमची आहे आणि ती विकण्यास अडचण नाही. त्यातील चित्रणाचा हक्क मात्र वस्तूबरोबर येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो चित्रण तयार करणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो. शिवाय चित्रपटाची साठ वर्षांची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते, त्यामुळे जे रीळ घराबाहेर कधी दाखवलेच गेले नाही त्याचे वय पाहून हक्क संपला असे गृहीत धरता येत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेल्या रिळांचा हक्क तुम्हा भावंडांचा आहे. तो खरेदीदाराला द्यायचा असेल तर लेखी करार हवा, आणि द्यायचा नसेल तर पावतीवर 'केवळ रीळ विकले, हक्क राखून' असे स्पष्ट लिहावे. भावंडांच्या सह्या घ्याव्यात. वाड्याच्या व्यवहारात जेवढे भांडण होत नाही तेवढे अशा पेटीवरून झालेले मी पाहिले आहे.

विदेशी ग्राहक असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात सर्वसाधारण वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट आहे, परंतु ऐतिहासिक मूल्य असलेल्या दस्तऐवजांसाठी ती पंचाहत्तर वर्षांची आहे. चाळीसच्या दशकातील, म्हणजे निजामाच्या राजवटीतील रिळे निघाली, तर पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तुमच्याच शहरातील मंडळ कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे ठरेल.

औसेकर (लातूर)

वरील सल्ल्याशी माझा थोडा मतभेद आहे. सगळ्या रिळांचे स्कॅनिंग करण्याचा खर्च अनेकदा विक्रीतून येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होतो. आंबलेली आणि स्वतःच्या घरची रिळे करून घ्यावीत, बाकीची तशीच विकावीत. ज्याला ती हवी आहेत तो करून घेईल आणि माळ्यावर कुजण्यापेक्षा ते बरे.

परक्या कुटुंबांबद्दलचा तुमचा प्रश्न मात्र मी सोडून देणार नाही. १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातील कित्येक घरांचे एकही छायाचित्र उरले नाही. डब्यावर गावाचे, दुकानाचे किंवा छायाचित्रकाराचे नाव असेल तर विकण्याआधी त्या गावात एकदा विचारणा करावी, आणि घरचे लोक सापडलेच तर त्यांना रीळ जमेल त्या दरात द्यावे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. एकरकमी व्यवहार थांबवला आहे. धरणाची रिळे एखाद्या संस्थेला दिली तर ती स्वीकारतील का?

पडदा_आणि_दिवा

पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे, आणि मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन या दोन्ही ठिकाणी लिहून पाहावे. पत्रासोबत यादी जोडावी: आकार, रिळाची लांबी, डब्यावरचा मजकूर जसाच्या तसा, आणि चित्रात ओळखू आलेली ठिकाणे. ही यादी विक्रीलाही उपयोगी पडते. धरणावर वडिलांबरोबर काम केलेले कोणी हयात असतील तर त्यांना आधी भेटावे, कारण कोणता बांध, कोणते गाव, कोणाची वस्ती हे तेच सांगू शकतील, आणि ते डब्यावर कुठेही लिहिलेले नसणार. यादी पेन्सिलीने कागदावर करावी; फिल्मवर किंवा तिच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर शाईने काही लिहू नये.