मदत हवी आहे: १८९३ च्या पुण्यातील प्रेमपत्रांविषयी

सप्रेम नमस्कार. माझ्या नव्या प्रेमकादंबरीची नायिका बालविधवा असून, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात (विधवांसाठीच्या निवासी शाळेत) शिकत असताना तिथल्या ख्रिस्ती धर्मांतराच्या वादामुळे १८९३ मध्ये तिचा भाऊ तिला घरी परत नेतो. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी सदनातच शिकलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मूळ गावच्या मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ पासूनच मान्यता होती, पण कायदा झाला म्हणून माजघरातली भीती जात नाही, आणि माझी कथा त्या भीतीतच घडते.

अडचण पत्रांची आहे. पोस्टकार्ड पैशाला मिळे, परंतु उघडे असल्याने ते कोणीही वाचू शके. अर्ध्या आण्याचे बंद पाकीट विधवा मुलीच्या नावाने आले, तर ते आधी वडीलधाऱ्यांच्याच हाती पडणार, असा माझा अंदाज आहे. शिवाय शाळामास्तर असलेला नायक सवयीने मोडी या जलद लिहायच्या लिपीत लिहिणारा आणि ती बालबोध (देवनागरी) शिकलेली! (मला तर हा अडथळा जातीपेक्षाही रसाळ वाटतो.)

तरी त्या काळातील कौटुंबिक पत्रे, रोजनिशा किंवा आजी-पणजीकडून ऐकलेल्या आठवणी कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. अशा घरात निरोप कोणामार्फत जात असे, आणि सदनातून परतलेल्या मुलीला केशवपन व आलवण (विधवेचे तांबडे लुगडे) यांची सक्ती होत असे का, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे.