अनुभव धागा : सीटी स्कॅन आणि सीटी अँजिओग्राफी (इंदूर)

धागाकर्ती, रामबाग
चिठ्ठीवर 'चार तास उपाशी या' एवढंच लिहिलेलं असतं. टेबलावर काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि माणूस उगाच घाबरतो. ज्यांची झाली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

माझी हृदयाची सीटी अँजिओ (शिरेतून औषध देऊन सीटीवर रक्तवाहिन्यांचं चित्र) झाली. आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी बंद, कारण नाडी साठ-पासष्टच्या आत हवी; जोरात चालली तर चित्र अस्पष्ट येतं. माझी ८२ भरली. नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल देऊन तासभर बाहेर बसवलं. मग कोपराच्या शिरेत सुई, छातीवर ईसीजीच्या तारा, जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं मात्र चांगलंच ठणकलं. 'साँस रोकिए' आलं, आयोडिनचं औषध आत गेलं आणि घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट पसरली. कपड्यातच लघवी झाली असं वाटलं! होत नाही हो, नुसता भास. थोड्याच वेळात ओसरतो. बायकांनो, हे आधीच माहीत असू द्या.

सुदामानगरकर
आईला मधुमेह. किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी मागितला. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते हे सांगितलं. किडनी ठीक होती म्हणून गोळी चालूच ठेवायला सांगितली. किडनी फार कमजोर असेल तर ४८ तास थांबवतात.

एक सूनबाई
सासरे स्कूटरवरून पडले, डोक्याचा साधा सीटी. सुई नाही, उपास नाही, पाच मिनिटांत बाहेर.

पलासियाहून
काकांच्या धमन्यांत कॅल्शियम इतकं की सीटी अँजिओत त्याच्या चकाकीत आतला मार्ग दिसेना. शेवटी मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी करावीच लागली. स्टेंटही (धमनी उघडी ठेवणारी जाळी) तिथेच बसतो. आधी औषधाशिवाय कॅल्शियम स्कोअर (धमन्यांतल्या कॅल्शियमचं माप) काढतात, तो बघून थांबता आलं असतं. सेंटरमध्ये कोणी हे बोललंच नाही. दोन्हीकडचा खर्च झाला, याचा अजून राग येतो.

सीटी टेक्निशियन, इंदूर
किरणांबद्दल नेहमी विचारतात. छातीच्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप), छातीच्या सीटीला सातच्या आसपास. म्हणून जुनी सीडी आणा, कधीकधी पुन्हा करायची गरजच पडत नाही. दिवस गेले असण्याची शंका असेल, किंवा आधी आयोडिनच्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, तर आत जाण्याआधी सांगा. औषध जाताना कोपर फुगलं, दुखलं तर लगेच हाक मारा. काचेपलीकडून आम्हाला ऐकू येतं, इंजेक्शन तिथल्या तिथे थांबवतो.