मदत हवी आहे: मुलगी फ्रेंच इमर्शनमध्ये, आम्हाला फ्रेंच येत नाही. वर्गाच्या बातम्या आणि सहली कशा सांभाळायच्या?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओटावात राहतो. लेक पहिलीत आहे, फ्रेंच इमर्शनमध्ये. घरी मराठी, शेजारी-मैत्रिणींत इंग्रजी आणि शाळेत दिवसाचा मोठा भाग फ्रेंच. मला आणि नवऱ्याला फ्रेंच अजिबात येत नाही. सप्टेंबरात वाटलं होतं, होईल हळूहळू. आता मार्च उजाडला आणि माझी काळजी वाढली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्गशिक्षिकेकडून (मुलं त्यांना नुसतं 'मादाम' म्हणतात) दर शुक्रवारी वर्गाच्या बातम्यांचं पान येतं. महत्त्वाचं इंग्रजीत असतं, पण आठवड्याचे शब्द, गाणं, 'रापेल' म्हणजे आठवणीच्या सूचना फ्रेंचमध्ये असतात. जानेवारीत बर्फातल्या सहलीच्या आदल्या दिवशी सूचना होती, 'लँज द रशांज' पाठवा. फोनवर भाषांतर केलं तर 'जादा लिनन' असं काहीतरी आलं. मी स्वच्छ टॉवेल घडी करून दिला. प्रत्यक्षात मोजे-पँटचा जादा जोड हवा होता. पोर ओल्या मोज्यांत घरी आली. रडली नाही, पण म्हणाली, "आई, सगळ्यांकडे होतं." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

आता पुढे तीन गोष्टी आहेत.

मार्च ब्रेक संपला की मेपल सिरप बनवतात त्या 'काबान आ स्युक्र'ला सहल आहे, दुपारचं जेवण तिथंच. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. तिथं तिला काय खाता येईल? कपडे कोणते?

त्याच आठवड्यात 'मोंत्र ए राकोंत' आहे. घरची एखादी वस्तू न्यायची आणि तिच्याबद्दल तीन-चार वाक्यं फ्रेंचमध्ये बोलायची. पाडवा यंदा १९ मार्चला, म्हणजे सुट्टीतच येतोय. साखरेची गाठी न्यावी असं माझ्या मनात आहे, पण वाक्यं मी कशी बसवून घेणार?

मे महिन्यात नदीपलीकडे गातिनोला इतिहासाच्या संग्रहालयात जायचंय. सोबत पालक हवे आहेत. मला फार जावंसं वाटतं. फ्रेंच न येणाऱ्या आईला घेतात का? आणि घेतलं तरी माझ्यामुळे लेकीला अवघडल्यासारखं होईल का?

शेवटचं, आणि खरं तर हेच आधी विचारायला हवं होतं. रोज रात्री ती फ्रेंचचं छोटं पुस्तक वाचते आणि मी शेजारी बसते. ती चुकते की बरोबर वाचते, मला कळत नाही. घरी फ्रेंच नसलेल्या मुलांचं इमर्शनमध्ये नुकसान होतं का? नवरा म्हणतो, दुसरीत इंग्रजी वर्गात घालू. माझं मन तयार होत नाही. अनुभवी पालकांनी कृपया लिहा.

— ओटावाची_आई

---

मिसिसागाकर

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. इमर्शन मुळात तुमच्यासारख्याच घरांसाठी सुरू झालं. १९६५ साली माँट्रियालजवळच्या सां-लांबेर गावात इंग्रजी बोलणाऱ्या आईवडिलांनी आग्रह धरून बालवाडीचा पहिला वर्ग उघडायला लावला. मुलं फ्रेंचमध्ये शिकावीत म्हणून, आणि घरी ती भाषा नव्हती म्हणूनच. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. सुरुवातीला इंग्रजी वाचन थोडं मागे राहिलं, पण पुढे ते बरोबरीला आलं. आपल्या ओंटारिओत आठवीअखेर किमान ३८०० तास फ्रेंचमधून शिकवायचे असा इमर्शनचा नियम आहे. त्यातली ही पहिली पायरी. पहिलीच्या मार्चमध्ये निर्णय घेऊ नका.

माझी दोन्ही मुलं यातून गेली, थोरली आता नववीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलत राहिलो, ती सोडू नका.

वाचनाचं सांगतो. अर्थ तिला विचारा, तुम्ही सांगू नका. आवाज मात्र तुम्ही शिकून घ्या, दोन आठवड्यांत जमतं. मी फ्रिजवर एक कागद लावला होता: 'ओ-यू' दिसलं की ऊ, 'ओ-आय' म्हणजे वा, 'ई-ए-यू' आणि 'ए-यू' दोन्ही ओ, 'सी-एच' म्हणजे श. 'ओ-एन' म्हणजे ओं, 'ए-एन' म्हणजे आं, पण न उच्चारायचा नाही, स्वर नाकातून सोडायचा. कोकणातल्या आजोळी जे नाकातलं बोलणं ऐकलंय ना, ते इथं कामी येतं. शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा गप्प असतं. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, त्यामुळे आपली मुलं इंग्रजी मुलांपेक्षा तिथं सरस ठरतात.

---

बालवाडीताई

मी एका इमर्शन शाळेत मदतनीस आहे. वरच्या कागदाबद्दल एकच दुरुस्ती: तो तुमच्यासाठी ठेवा, मुलीसमोर फ्रेंच शब्द देवनागरीत लिहू नका. ती या वयात अक्षर-आवाजाची जोडी बसवत असते, त्यात तिसरी लिपी आली की गोंधळते. तिची देवनागरी मराठी पुस्तकातूनच होऊ दे.

'लँज'चं मनाला लावून घेऊ नका. फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये तो शब्द धुण्याच्या, घरातल्या कापडांना वापरतात. इकडच्या फ्रेंचमध्ये सरळ अंगातले कपडे. फोनला तो फरक कळला नाही. पुढच्यासाठी हे शब्द लिहून ठेवा: त्यूक म्हणजे लोकरी टोपी, मितेन म्हणजे बोटांना वेगळे कप्पे नसलेले हातमोजे, पांतालों द नेज म्हणजे बर्फाची पँट, कास्क म्हणजे हेल्मेट. एप्रिलच्या १ तारखेला पाठीवर कागदी मासा चिकटवून आली तर घाबरू नका, तो 'प्वासों दाव्हरिल', त्यांचा एप्रिल फूल.

वर्गाच्या पानावर काही कळलं नाही तर मादामना दोन ओळी इंग्रजीत लिहा. आम्हाला असे निरोप आवडतात. न विचारता मूल ओलं राहिलं तर वाईट वाटतं.

---

गुऱ्हाळवाला_कोल्हापूर_ते_किंग्स्टन

वहिनी, काबान आ स्युक्र म्हणजे इथलं गुऱ्हाळच. लेकीला असंच सांगा, तिला एका क्षणात कळेल.

रात्री गोठणबिंदूच्या खाली आणि दिवसा वर, असं हवामान सुरू झालं की मेपलच्या खोडातून रस पाझरतो. तो पाण्यासारखा पातळ असतो, साखर साधारण २ टक्के. पसरट कढईत आटवत आटवत नेतात. सुमारे ४० लिटर रसाचं १ लिटर सिरप. आपल्या उसाच्या रसात गोडी कितीतरी जास्त, म्हणून आपली काहील लवकर उतरते. सिरप म्हणजे त्यांची काकवी. आणखी आटवून गरमागरम पाक बर्फावर ओततात, काडीला गुंडाळून मुलं खातात. त्याला 'तिर' म्हणतात. लेक ते नक्की खाईल, पूर्ण शाकाहारी आहे.

जेवणात मात्र जपा. 'फेव्ह ओ लार' दिसायला राजम्यासारखं असतं, पण लार म्हणजे डुकराची चरबी. 'सूप ओ प्वा' ही वाटाण्याची आमटी, तीत बहुधा हॅमचं हाड असतं. पॅनकेक-सिरप अंडं चालत असल्यामुळे निर्धास्त. मार्शमेलो दिला तर त्यात जिलेटिन असतं. नुसतं 'शाकाहारी' कळवलंत तर राजमा वाढतील. म्हणून मादामना स्पष्ट लिहा: मांस नाही, लार नाही, जांबों (म्हणजे हॅम) नाही, जिलेटिन नाही. जोडीला पोळीचा रोल द्या.

पायात लांब बूट हवेतच. त्या दिवसांत जंगलात बर्फ आणि चिखल दोन्ही असतो. मोज्यांचे दोन जोड द्या. आधी एखाद्या रविवारी तिला व्हानिएच्या रिशल्यू पार्कला घेऊन जा. शहरातच मेपलचं बन आहे. सहलीला जाताना ती मैत्रिणींना सांगणारी असेल, विचारणारी नाही.

---

दोन_मुलांचा_बाबा

सोबत जाण्याबद्दल. मी फ्रेंचचं अक्षर न येता चार सहलींना गेलोय. काम काय असतं? सहा मुलं मोजायची, पुन्हा मोजायची, झिपा लावायच्या, बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं. मुलं मोठ्यांशी इंग्रजी बोलली तर मादाम फ्रेंचकडे वळवतात, आपण फक्त 'बोंझूर' आणि 'आलोंझी' म्हणजे 'चला' म्हणायचं. मात्र पोलिसांची व्हल्नरेबल सेक्टर तपासणी (मुलांसोबत राहणाऱ्यांची पार्श्वभूमी बघतात ती) बहुतेक शाळा मागतात. तिला वेळ लागतो, मे महिन्यासाठी आत्ताच अर्ज करा. शाळेच्या ऑफिसात विचारून घ्या.

अवघडण्याचं म्हणाल तर माझ्या मुलानं बसमध्ये मला शब्द शिकवले आणि रात्री आजीला फोनवर सांगितलं, "आज मी बाबाला शिकवलं."

आकडे शिकवताना एक गंमत सांगा. ८० ला ते 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार वीस. माझी आजी गोवऱ्या विसांवर मोजायची, चार विसा, पाच विसा. तेच गणित.

---

ओटावाची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगावरचं ओझं उतरलं.

गुऱ्हाळवाले भाऊजी, तुम्ही लिहिलंत आणि मी रात्री लेकीला मामांच्या गुऱ्हाळाचा फोटो शोधून दाखवला. माझ्या मामांचं पन्हाळ्याकडे गुऱ्हाळ आहे. ती चार वर्षांची असताना तिथं गेलो होतो, गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर खाल्ला होता. फोटो बघून म्हणाली, "काबान आ स्युक्र!" मी एक शब्दही सांगितला नव्हता.

तर आता गाठीबरोबर तो फोटोही जाईल. मादामना विचारलं, त्यांनी आनंदानं वाक्यं तपासून दिली. नवऱ्यानंही बसून ऐकली. लेक म्हणते: हे माझ्या मामा-आजोबांचं गुऱ्हाळ. हा ऊस. ही साखरेची माळ, ती आम्ही नव्या वर्षाला गुढीवर घालतो. उसाला 'कान आ स्युक्र' आणि गाठीला 'गिर्लांद द स्युक्र' तिनंच शोधून आणलं. पोलिसांचा अर्जही काल भरला.

एकच अडलंय. फोटोत मध्यभागी मामांची काहील आहे, आणि ती त्याला काय म्हणायचं विचारतेय. कोणी सांगेल का?

---

मिसिसागाकर

'शोद्रों' म्हणजे मोठं हंड्यासारखं भांडं. 'अं ग्रां शोद्रों' म्हणू दे. आणि नंतर 'काहील' हा शब्दही तिनं वर्गाकडून म्हणवून घेऊ दे, ल वर जोर देऊन.