सुट्टीचे भविष्य आणि उलटी करून पाहिलेली चादर

साखरपेठकर :
काल ‘होटगीरोड’ यांनी सोलापूरकरांच्या सुट्टीचे भाकीत येथे लिहिले. पाच वर्षांत सणाची खरेदी फोनवर होईल, चित्रपट घरच्या पडद्यावरच पाहिले जातील, चार दिवस मोकळे मिळाले की माणसे विमानाने गोवा गाठतील आणि नवी पेठेतला बाजार व संक्रांतीला होम मैदानावर भरणारी गड्डा यात्रा दोन्ही ओस पडतील, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे ठरवले होते, परंतु रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

पगारी रजा मुळात कोणाला मिळते, हा प्रश्न या भाकितात कोठेच नाही. यंत्रमागावर उभे राहणाऱ्या माणसाची किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईची सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी. अशा घरांची वर्षाची सहल म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक पाहणे, होम मैदानावर पाळण्यात बसणे आणि शोभेचे दारूकाम संपल्यावर झोपलेले पोर खांद्यावर टाकून चालत परत येणे. ती विमानाने रद्द होत नाही.

दुसरे असे की, ज्या घरात डोकवावे त्या घरातले एक तरी लेकरू पुण्यात नोकरीला आहे आणि त्याची सुट्टी म्हणजे घरी येणे. पर्यटनाच्या तक्त्यात हा प्रवास धरला जात नाही. माझी मुलगी मागच्या दिवाळीत हुतात्मा एक्स्प्रेसने दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत दाराशी बॅगेवर बसून आली. सुट्टीचा कल कोणत्या दिशेला आहे, हे त्या डब्यात कळते.

होटगीरोड :
आपल्या वयाचा मान राखून लिहितो. १० फेब्रुवारी २०२३ रोजी वंदे भारत सुरू झाली, तेव्हा आमच्याच घरात “एवढे तिकीट कोण काढणार?” असे म्हटले गेले होते, आणि आता तेच काका मुंबईला जायचे झाले की आधी तिचे आरक्षण पाहतात. जून २०२५मध्ये गोव्याचे आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सोय झाली की सवय बदलते, एवढेच मी म्हटले होते.

खरेदीचे म्हणाल तर मी मागच्या महिन्यात सोलापुरी चादर फोनवरून मागवली. नवी पेठेतल्या भावापेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त पडली आणि दोन दिवसांत दारात आली. वाहन लावायला जागा शोधत तीन फेऱ्या मारण्याचा त्रास वाचला, तो वेगळाच.

जेकार्ड :
सोलापुरात राहून सोलापुरी चादर फोनवरून मागवणारा माणूस पाहायचे राहिले होते, तेही आज झाले! साहेब, ती चादर उलटी करून पाहिली का? आमच्या जेकार्ड मागावरच्या चादरीत नक्षी विणलेली असते, त्यामुळे ती मागच्या बाजूलाही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. आपल्या चादरीचा मागचा भाग फिका असेल, तर आपण दोनशे रुपये वाचवलेले नाहीत, बाकीचेही घालवले आहेत. भौगोलिक मानांकन मिळून इतकी वर्षे झाली, तरी ‘सोलापुरी’ हा शब्द कोणीही कोणत्याही कापडाला चिकटवतो. माझ्या वडिलांनी मागाच्या आवाजात ऐकण्याची शक्ती घालवली आणि शब्द मात्र दुसऱ्याच्या गोदामात विकला जातो.

होटगीरोड :
विषय सुट्टीचा आहे, चादरीचा नाही. अस्सल मालच फोनवर का विकत नाही, हे आपण सांगितलेले नाही.

जेकार्ड :
विकून पाहिला. एका कंपनीच्या संकेतस्थळावर चाळीस चादरी ठेवल्या. सणाच्या सवलतीचा भार आमच्यावर, परत आलेल्या मालाचे भाडेही आमच्यावर. एक चादर लग्नात वापरून, हळदीच्या डागासह परत आली. ती अजून घरात आहे. आमची आई तीच पांघरते.

मधलामारुती :
माझे मत दोघांनाही आवडणार नाही. आमचे दुकान सासऱ्यांच्या काळापासूनचे आहे. दसरा-दिवाळीत बायका येतात, साडी अंगावर लावून पाहतात, तिचा फोटो काढतात आणि “मुलीला विचारून सांगते” म्हणून जातात. ती मुलगी पुण्यातून फोनवर तशीच साडी शोधून थेट आईच्या पत्त्यावर पाठवते. साखरपेठकर काका, आपली बॅगेवर बसून येणारी लेक दिवाळीची खरेदी कोठून करते, हेही एकदा विचारा. गर्दी घरी येते हे आपले म्हणणे खरे आहे, पण ती पेठेत येतेच असे नाही.

नळपाळी :
आपण सगळे विमान आणि चादर यांवर भांडत आहात. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि उजनी भरल्याच्या बातमीने त्यात फरक पडत नाही. सहलीचा दिवस आम्ही पंचांगात नव्हे, पाण्याच्या पाळीत पाहतो. गेल्या वर्षी आम्ही गोव्याहून एक दिवस आधी परतलो, कारण पाळी पुढे सरकली होती आणि टाकी भरायला घरी कोणी नव्हते. हॉटेलने त्या रात्रीचे पैसे परत दिले नाहीत. सुट्टीचे भविष्य सांगणाऱ्याने आधी हे सांगावे.

साखरपेठकर :
मधलामारुती ताई, विचारले. मागचे तिन्ही दिवाळीचे पोशाख फोनवरून आले होते आणि आमच्या सौभाग्यवतींना ते ठाऊक होते. माझा सदराही त्यातलाच निघाला. तेवढ्यापुरते मी मागे येतो. मात्र ‘होटगीरोड’ यांनी याला आपला विजय समजू नये. पोशाख फोनवरून आला, पण तो घालायला लेक रेल्वेने येथेच आली.

चित्रपटगृहांबद्दल मी वाद घालत नाही. भागवतमध्ये शिट्ट्या ऐकत वाढलेल्या माणसाचे मत त्या बाबतीत निःपक्षपाती नसते.

होटगीरोड :
विजयाची भाषा मी वापरलेली नाही. नळपाळी यांचे म्हणणे मात्र अनुत्तरित आहे, कारण आमच्याकडेही तीच अवस्था आहे.

जेकार्ड यांच्या सांगण्यावरून चादर उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी आहे. माघारी पाठवण्याची मुदत काल संपली. गड्ड्याबद्दलचे माझे मत तरीही बदललेले नाही.

जेकार्ड :
मत राहू द्या. रविवारी कारखान्यावर या, पण सकाळी दहाच्या आत. त्यानंतर वीज जाते.