मदत हवी आहे: पहिला ट्रॅव्हल ट्रेलर – ओढायची ताकद आहे, पण पेलोड पुरत नाही

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत पिकअपला ट्रेलर जोडून कुटुंबासकट हिंडलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर विचारतो आहे. आम्ही पहिलाच ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर, घेतोय. पिकअप आधीपासून आहे: हाफ टन (मोठ्या पिकअपमधला सर्वात हलका वर्ग), चार दरवाजे, फोर व्हील ड्राइव्ह, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १४५ इंच, टो पॅकेजसकट. मॅन्युअलमध्ये टोइंग कपॅसिटी ११,००० पाउंड दिली आहे. मनात भरलेला ट्रेलर २६ फुटी आहे, मुलांसाठी बंक बेड असलेला. ब्रोशरमध्ये रिकामं वजन ५,३०० पाउंड आणि सामानासकट कमाल ७,०००. डीलरचं म्हणणं, "तुमचा ट्रक हा आरामात ओढेल, निर्धास्त घ्या." अजून पैसे भरलेले नाहीत.

अकरा हजारांपुढे सात हजार म्हणजे भरपूर वाव दिसतो. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून १,४४७ पाउंडांच्या वर जाऊ नये असं छापलं आहे. हाच पेलोड. अडचण तिथेच आहे असं मला वाटतं. हिशोब मांडतो, कृपया तपासा.

ब्रोशरमधलं रिकामं वजन मी धरतच नाही. बॅटरी, भरलेले गॅस सिलिंडर, भांडीकुंडी, अंथरुणं, कपडे, खाणं आणि टाकीतलं थोडं पाणी (एका गॅलनला साधारण ८.३ पाउंड) धरून प्रवासात तो ६,५०० च्या आसपास जाईल. हिचच्या (ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या भागाच्या) गोळ्यावर येणारा भार, म्हणजे टंग वेट, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा म्हणतात, आणि तो ट्रकच्या पेलोडमध्येच मोजला जातो. मी १३ टक्के धरले: ८४५ पाउंड. आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ५१०. कुत्रा ५५. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (मागचा भार बाकीच्या चाकांवर वाटणारा, ताणायचे बार असलेला हिच) ९०. बेरीज १,५००. ट्रकचा बेड पूर्ण रिकामा असूनही ५३ पाउंड जास्तच! सायकली आणि जनरेटर अजून यात धरलेलेच नाहीत, आणि मुलं वाढत्या वयाची आहेत.

विचारायचं ते असं. माझा हिशोब बरोबर आहे का? असेल, तर ट्रेलर लहान घ्यावा की ट्रक मोठा? दुसरा एक २२ फुटी ट्रेलरही पाहिला आहे. रिकामा ४,१००, कमाल ५,५००. तो भरून ५,००० धरला तर टंग वेट ६५० येतं आणि ट्रकवर १४२ पाउंड उरतात. पण त्यात मुलांना रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून झोपावं लागेल. बायकोचा जीव २६ फुटीत अडकला आहे, आणि जागेच्या बाबतीत तिचं म्हणणं मला पटतं. तरीही घाटात मागून ट्रेलर ढकलतोय आणि आत मुलं बसली आहेत, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

प्रतिसाद १

हिशोब बरोबर आहे. पैसे भरण्याआधी तो केलात हे फार चांगलं झालं.

टोइंग कपॅसिटी आणि पेलोड एकाच ट्रकचे आकडे असले तरी कागदावर ते एकत्र भेटत नाहीत. कंपन्या टोइंगचा आकडा एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाप्रमाणे काढतात. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर एसी लावून किमान वेग राखत ट्रेलर ओढायचा, ही त्यातली एक चाचणी. इंजिन, गिअर, कूलिंग यांचा कस तिथे छान लागतो. पण त्या हिशोबात ट्रकमध्ये माणसं दोनच, प्रत्येकी १५० पाउंडांची, आणि टंग वेट १० टक्के. तुमच्या घरात माणसं चार, वर कुत्रा. म्हणून कुटुंबवाल्यांचा हाफ टन बहुतेक वेळा आधी पेलोडला अडतो. इंजिनाची मर्यादा फार पुढे असते.

रिसीव्हरखालचा, म्हणजे ट्रकच्या मागे हिच जिथे बसतो तिथला, स्टिकरही वाकून वाचा. त्यावर बऱ्याचदा दोन आकडे असतात, वेट डिस्ट्रिब्युशन हिच नसताना आणि असताना. पहिला बराच कमी असतो.

प्रतिसाद २

इतकं घाबरायचं कारण नाही. चांगला वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावला की मागचा भार पुढे सरकतो, ट्रक सपाट उभा राहतो. मागच्या चाकांच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअर बॅग, बसवल्या तर ट्रक बसतही नाही. ५३ पाउंडांसाठी आवडलेला ट्रेलर सोडू नका.

प्रतिसाद १

याच्याशी मी सहमत नाही, आणि नवीन घेणाऱ्याला हे स्पष्ट कळायला हवं. हिचचे बार ताणले की मागच्या आसावरचा, म्हणजे अ‍ॅक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. स्टिअरिंगला पकड परत मिळते, आणि त्यासाठी तो हिच हवाच. पण दारावरचा आकडा त्याने वाढत नाही. एअर बॅगने तर ट्रक फक्त वर उचलला जातो. अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक होते तेच राहतात.

आणखी एक मोह होतो. पेलोड वाचवायला लोक सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरतात. टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेलं की मोठ्या ट्रकचा वारा लागून ट्रेलर डोलायला लागतो, आणि उतारावर वेग वाढला की ते डोलणं आवरत नाही. तसं झालंच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ड्रायव्हरजवळच्या ब्रेक कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. कंट्रोलर हाताला कुठे लागतो ते गाडी उभी असतानाच सवयीचं करून ठेवा.

प्रतिसाद ३

ट्रक बदलायचा विचार असेल तर एक सांगतो. थ्री-क्वार्टर टन, म्हणजे हाफ टनच्या वरचा वर्ग, म्हटलं की लोक थेट डिझेलकडे वळतात. ते इंजिन स्वतःच जड. त्यात फोर व्हील ड्राइव्ह, सनरूफ, सगळ्या सोयींचं वरचं मॉडेल घेतलं की १०,००० पाउंडांच्या एकूण मर्यादेत (ट्रकचं स्वतःचं वजन धरून) पेलोड दोन हजारांवर किंवा त्याखालीही येतो. त्याच ट्रकचं पेट्रोल इंजिन आणि साधं मॉडेल बऱ्याचदा तीन हजारांच्या पुढे जातं. हाफ टनमध्येही एकाच नावाच्या दोन ट्रकांत कित्येकशे पाउंडांचा फरक पडतो. जाहिरातीतला आकडा सोडा, ज्या ट्रकची किल्ली हातात घेणार त्याच्याच दाराचा फोटो मागा.

लांबीचीही काळजी नको. २० फुटी ट्रेलरला ११० इंच व्हीलबेस आणि पुढच्या प्रत्येक फुटाला ४ इंच, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. २६ फुटीला १३४ येतात, तुमचा १४५ आहे. तुमचं घोडं वजनावरच अडलंय.

पण माझं मत विचाराल तर पहिला ट्रेलर लहान घ्या. मागे घेणं, पेट्रोल पंपावर वळणं, कॅम्पसाइटमध्ये नेमकं लावणं हे सगळं २२ फुटीवर लवकर हाताला बसतं. आणि ट्रेलरचे टायर विसरू नका. एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर लावला की कायद्यानेच ५५.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २, तुम्ही आपुलकीने धीर दिलात, पण मुलं मागे बसलेली असताना मर्यादेच्या पलीकडे जायला माझं मन धजत नाही. ट्रक बदलणं सध्या खिशाला झेपणार नाही. त्यामुळे २६ फुटीचा विषय आम्ही संपवला. बायकोही हिशोब बघून तयार झाली. फक्त २२ फुटीत बंक असलेली एखादी आतली मांडणी सापडते का ते शोधू म्हणाली.

शनिवारी सगळे बसून, इंधनाची टाकी भरून, ट्रक ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेतो, म्हणजे ५१० चा अंदाज जाऊन खरं वजन हाती येईल. ट्रेलर आल्यावर तीनदा वजन करायचं असं वाचलं आहे: बार ताणून, बार सैल सोडून, आणि नुसता ट्रक. सैल बार असताना ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलची बेरीज, त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं, बरोबर ना?

आणि एक शेवटचं. २२ फुटी ट्रेलरमध्ये पाण्याची टाकी पलंगाखाली, म्हणजे अ‍ॅक्सलच्या पुढे आहे. ४० गॅलन भरले तर ३३० पाउंडांच्या जवळपास होतात, आणि त्यातला बराच भार हिचवर येणार. तुम्ही टाकी घरून भरून नेता, की कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर भरता?

प्रतिसाद १

वजनाची पद्धत बरोबर. पाणी तिथेच भरा. वाटेत हात धुण्यापुरते चार-पाच गॅलन पुरतात. आणि सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरला टांगू नका. मध्ये, अ‍ॅक्सलच्या वर, आत आडव्या ठेवा.