किचनमध्ये बारीक झुरळं, स्प्रे मारून पण जात नाहीत

ठाणेकर_ताई: रात्री लाईट लावला की ओट्यावरून बारीक तपकिरी झुरळं पळतात, मिक्सरखाली आणि फ्रिजच्या मागे तर खूपच, स्प्रे मारला की चार दिवस बरं मग परत तेच. घरात रांगतं बाळ आहे, काय करू?

पेस्टवाला: ताई, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा आहेत का बघा, असतील तर ती जर्मन झुरळं. गटारातून येणारी मोठी लालसर ती वेगळी. ह्यांची मादी अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊनच फिरते, एकात 30-40 अंडी, स्प्रे तिथवर पोचतच नाही. झुरळांचं जेल लावा, म्हणजे ती खाऊन मरतात ते विषारी आमिष, मोहरीएवढे ठिपके, बिजागऱ्या, सिंकखाली, फ्रिजच्या रबरात. आणि प्लीज जेलवर स्प्रे मारू नका, मग ती खातच नाहीत.

मीनल: बोरिक पावडरच्या गोळ्या मात्र नको हं, बाळ तोंडात घालेल.

पेस्टवाला: बरोबर. जेल पण बाळाच्या हाताला लागेल तिथे नको. रात्री सिंक कोरडं करा, खरकटी भांडी ठेवू नका, दोन-तीन आठवड्यांनी जेल परत लावा.

ठाणेकर_ताई: रेघा आहेत! आजच जेल आणते.